बेरिंग समुद्रावरील प्रश्नोत्तरे

आशिया आणि अमेरिका ही दोन खंडे जेथे एकमेकांना जवळजवळ स्पर्श करतात, त्या सामुद्रधुनीची रुंदी अवघी ८५ किलोमीटरच्या आसपास आहे. तिच्या दक्षिणेस बेरिंग समुद्र पसरलेला आहे. पूर्वेस अलास्का, पश्चिमेस सायबेरिया आणि दक्षिणेस अल्यूशियन बेटांची धनुष्याकृती रांग, या चौकटीत हे पाणी कोंडलेले आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून बर्फ खाली सरकत येतो, मार्चच्या सुमारास तो सर्वांत दूरवर पोहोचतो आणि उन्हाळ्यात सारा वितळून जातो. समुद्राचा तळही दोन प्रकारचा आहे. ईशान्येकडील अर्धा भाग उथळ, समुद्रबूड जमिनीचा; तेथे पाणी बहुतेक ठिकाणी २०० मीटरांहून कमी खोल. नैर्ऋत्येस मात्र तळ एकाएकी खचतो आणि खोली साडेतीन हजार मीटरांच्या पुढे जाते.

या समुद्राचे प्रवेशद्वार म्हणजे उनालास्का गावातील डच हार्बर हे बंदर. सभोवतीच्या डोंगरांवर झाड म्हणून दिसत नाही. गवत, खडक, बर्फ आणि सतत घोंगावणारा वारा. गावात रशियन राजवटीची आठवण जपणारे, कांद्याच्या आकाराच्या घुमटांचे एक चर्च आहे. १९४२ च्या जून महिन्यात जपानी विमानांनी या बंदरावर बॉम्ब टाकले होते. अमेरिकेच्या बंदरांत उतरणाऱ्या मासळीचे वजन केले, तर हे लहानसे गाव वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर राहिलेले आहे. ज्या घरात मासळीचे नावही निघत नाही, तेथील वाचकाला ही माहिती सुखावह वाटणार नाही. तथापि शास्त्रज्ञांचे लक्ष या दूरच्या पाण्याकडे का वळले, याचे एक कारण ही बाजारपेठच आहे. बर्फ कमी झाला तर या समुद्रातील जीवसृष्टीचे काय होईल, आणि तिच्यावर पोट असलेल्या माणसांचे काय होईल, हे जाणण्यासाठी २००७ ते २०१० या चार वर्षांत दर वसंत ऋतूत ‘हीली’ हे जहाज डच हार्बरहून उत्तरेकडे निघत असे.

‘हीली’ हे अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे हिमभंजक जहाज. लांबी १२८ मीटर. हे जहाज बर्फ कापत नाही, हे मुलांना प्रथम समजावून सांगावे लागते. त्याचा पुढचा भाग तिरका घडवलेला असतो. जहाज बर्फावर चढते आणि स्वतःच्या भाराने त्याला मोडते. साडेचार फूट जाडीचा बर्फ असेल, तर ते न थांबता ताशी साडेपाच किलोमीटर वेगाने, म्हणजे माणूस झपाझप चालेल त्या गतीने पुढे सरकते. त्याहून जाड बर्फ आडवा आला, तर मागे सरून पुन्हा धडक द्यावी लागते. आत झोपलेल्या माणसाला आपले डोके एखाद्या रिकाम्या पिंपात असून कोणी बाहेरून दगड घासत आहे, असे वाटते. जहाजाला ज्यांचे नाव दिले आहे ते कॅप्टन मायकेल हीली १८३९ मध्ये जॉर्जिया राज्यात जन्मले. वडील आयरिश मळेवाले, आई गुलाम. म्हणून त्या वेळच्या कायद्याने मुलगाही गुलामच. तो पुढे याच समुद्रावर सरकारी जहाजाचा अधिपती झाला, आणि अलास्कातील उपासमार टळावी म्हणून सायबेरियातून रेनडिअर आणण्याच्या कामी त्याच्या जहाजाचा उपयोग झाला.

या सफरींवर शास्त्रज्ञांबरोबर शाळेतील शिक्षकही असत. २००७ साली आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष सुरू झाले. त्या निमित्ताने ‘पोलरट्रेक’ नावाची योजना निघाली आणि तिच्यातून निवडलेले शिक्षक आर्क्टिकला आणि अंटार्क्टिकाला संशोधकांच्या तुकड्यांसोबत जाऊ लागले. (भारताने आपले ‘हिमाद्री’ हे आर्क्टिक केंद्रही याच काळात, १ जुलै २००८ रोजी, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर उघडले. त्याची व्यवस्था गोव्यातील वास्को येथील संस्था पाहते, आणि भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली होती.) शिक्षक जहाजावर पाहुणे म्हणून नसतात. त्यांना पाळीप्रमाणे काम करावे लागते. तळाचा गाळ वर आला की तो चाळणीत घेऊन, गारठलेल्या बोटांनी धुऊन, त्यातील शिंपले निवडायचे, पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, नोंदी उतरवायच्या. हे आटोपल्यावर त्यांचे स्वतःचे काम सुरू होते. दिवसभराचा वृत्तांत लिहायचा आणि इंटरनेटवरून आलेले मुलांचे प्रश्न घेऊन बसायचे. जहाज उपग्रहाच्या आधाराने जगाशी जोडलेले असते. पण हे उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे जितके उत्तरेला जावे तितके ते क्षितिजाकडे झुकतात, आणि ८० अंश अक्षांशाच्या आसपास दिसेनासेच होतात. बेरिंग समुद्रात तेवढी अडचण नाही, तरी एखादे चित्र पाठवायला दीर्घ काळ ताटकळावे लागते.

शिक्षक दरवर्षी बदलत, मुलांचे प्रश्न मात्र फारसे बदलत नाहीत. पहिला प्रश्न पेंग्विनचा. पेंग्विन दक्षिण ध्रुवाकडे, अस्वले उत्तरेकडे. दोघांची भेट प्राणिसंग्रहालयाखेरीज कोठेही होणे नाही, हे उत्तर प्रत्येक शिक्षकाने कितीतरी वेळा लिहिलेले असेल. मग थंडी किती, झोपता कोठे, आंघोळीला पाणी कोठून येते. समुद्राचे पाणी गोडे करून जहाज आपली गरज भागवते. बर्फ खारट लागतो का, हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. खारे पाणी शून्याखाली १.८ अंशांना गोठते. गोठताना बर्फाचे स्फटिक मिठाला आपल्यात थारा देत नाहीत. ते मीठ दाट खाऱ्या पाण्याच्या रूपाने बर्फातील बारीक बारीक नळ्यांत साचते आणि हळूहळू खाली झिरपून जाते. म्हणून नवा बर्फ खारट, आणि कित्येक उन्हाळे पाहिलेला जुना बर्फ पिण्याजोगा.

सूर्य कधी मावळतो, हाही नेहमीचा प्रश्न. ६० अंश अक्षांशावर मार्चच्या अखेरीस दिवस बारा तासांहून थोडा मोठा असतो आणि मे महिन्यात सोळा-सतरा तासांचा होतो. हेच जहाज उन्हाळ्यात सामुद्रधुनी ओलांडून चुकची समुद्रात जाते, तेथे मात्र सूर्यास्त हा शब्दच निरर्थक ठरतो. अलास्काच्या उत्तर टोकावरील उत्कियाग्विक गावी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात उगवलेला सूर्य ऑगस्टच्या प्रारंभापर्यंत मावळत नाही; आणि नोव्हेंबरात मावळलेला सूर्य दोन महिन्यांहून अधिक काळ तोंड दाखवत नाही. चौविहार पाळणाऱ्या घरातील मुलाच्या मनात येथे कोणता प्रश्न उभा राहील, हे सांगावयास नको. जहाजावर जेवणाची घंटा घड्याळाप्रमाणे होते. व्रताचे गणित तेथे कसे मांडावे, हे शिक्षकाला नव्हे, गुरुमहाराजांना विचारावे लागेल.

जेवणाच्या प्रश्नालाही असाच एक पदर आहे. बंदर सोडल्यावर आठवडाभर ताटात ताजी पालेभाजी दिसते. मग ती संपते, मग मऊ फळे संपतात. सफर लांबली की शेवटपर्यंत टिकतात ती बटाटे, कांदे आणि गाजरे; म्हणजे नेमकी तीच, जी जैन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर असतात. धान्य, डाळी, सुकामेवा यांवर भिस्त ठेवणाऱ्यालाच तेथे निभाव लागेल, आणि मारवाडी-गुजराती घरांच्या प्रवासी डब्यांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे.

मुलांचा सर्वांत मोठा आनंद पेल्यांचा. सफरीपूर्वी वर्गातील मुले थर्मोकोलच्या पेल्यांवर रंगीत चित्रे काढतात, नावे लिहितात. जहाज उथळ भाग सोडून खोल पाण्यावर आले की हे पेले जाळीच्या पिशवीत भरून, पाण्याचे नमुने आणणाऱ्या यंत्राला बांधून खाली सोडले जातात. ३००० मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरील हवेच्या सुमारे तीनशे पट असतो. थर्मोकोल म्हणजे बहुतांशी कोंडलेली हवा. ती पिळून निघते आणि पेला वर येतो तेव्हा बोटात घालायच्या टोपणाएवढा झालेला असतो. नावे, चित्रे जशीच्या तशी, फक्त मुंगीच्या अक्षरांत. दाबाविषयीचा धडा फळ्यावर दहादा शिकवूनही जे समजत नाही, ते तळहातावरच्या त्या इवल्याशा पेल्याने समजते.

हिमभंजक जहाज पुढे जाताना बर्फाचे मोठाले तुकडे उलथून पडतात. वरून पांढरा शुभ्र दिसणारा बर्फ खालच्या बाजूने तपकिरी असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, जहाजाचे तेल सांडले. तो रंग असतो जिवांचा. बर्फातील खाऱ्या नळ्यांत आणि बर्फाच्या तळाला डायाटम नावाची सूक्ष्म शेवाळे वाढत असतात. बर्फातून झिरपणाऱ्या मंद उजेडावर त्यांची गुजराण चालते. वसंतात बर्फ वितळू लागला की पाण्यातही अशा वनस्पतींना बहर येतो. त्यांच्यावर तांदळाच्या दाण्याएवढे कवचधारी जीव आणि क्रिल जगतात, त्यांच्यावर मासे, आणि जे कोणी खात नाही ते तळाशी पडून शिंपल्यांचे अन्न होते. त्या शिंपल्यांवर वॉलरस आणि बदके. वरवर निर्जीव भासणारे ते पांढरे माळरान म्हणजे एका अफाट संसाराचे छत आहे.

येथे एखादे मूल विचारते: जाळ्यात आलेल्या जिवांचे पुढे काय होते?

हा प्रश्न टाळणे सोपे आहे. अभ्यास केला जातो, असे म्हटले की तोंडदेखले उत्तर होते आणि ते खोटेही ठरत नाही. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला शब्दांआडची पोकळी लगेच कळते. खरे उत्तर असे आहे की काही जीव जिवंत ठेवले जातात. समुद्राइतक्याच थंड खोलीत, पाण्याच्या भांड्यांत, त्यांनी किती खाल्ले, किती अंडी घातली हे दिवसेंदिवस पाहिले जाते. इतर जीव औषधी द्रवाच्या बाटल्यांत भरले जातात आणि मरतात. गाळातून निवडलेले शिंपलेही मरतात. समुद्रात परत जाणारे थोडेच. शिक्षकाने हे लिहावे आणि त्याखाली शास्त्रज्ञांची बाजूही लिहावी: या मोजणीवाचून कोणता मासा किती पकडू द्यावा, कोणते क्षेत्र मोकळे ठेवावे, हे ठरवता येत नाही, मोजणीत गेलेल्या जिवांपेक्षा अंदाधुंदीत जाणारे जीव कितीतरी पट अधिक असतात. एवढे सांगितल्यावर मुलाने काय वाटून घ्यायचे ते त्याच्यावर सोडावे.

या प्रश्नापाशी जैन वाचक क्षणभर अधिक थांबेल. जैन शास्त्राने पाण्यालाच जीव मानले, अपकाय म्हटले, आणि पाण्यात वावरणारे त्रस जीव त्याहून वेगळे सांगितले. सूक्ष्मदर्शक यंत्र निर्माण होण्याच्या कितीतरी आधीपासून घरोघरी पाणी गाळले जात आले. जाळे आणि गाळणे, कापडाचे दोन तुकडे. दोन्हींत पाणी निघून जाते आणि जीव मागे राहतात. पण घरातील गाळण्यावर राहिलेले जीव, ज्या विहिरीचे पाणी तिच्यातच जपून परत सोडायचे, त्याला जिवाणी म्हणतात. जहाजावरील जाळ्याला जिवाणी नाही. ही उणीव सांगितल्याने संशोधन खोटे ठरत नाही, आणि संशोधन उपयोगी आहे म्हणून ही उणीवही पुसली जात नाही.

शिकारीचा प्रश्न याच्या मागोमाग येतो. बेरिंग समुद्राच्या उत्तर भागात सेंट लॉरेन्स नावाचे बेट आहे. त्यावर गॅम्बेल आणि सवूंगा अशी दोन गावे. तेथील युपिक लोक देवमासा आणि वॉलरस मारून खातात. कायदाही त्यांना, केवळ स्वतःच्या निर्वाहापुरती, ती मुभा देतो. का मारतात, असे मुले विचारतात. कधी रागाने विचारतात. शिक्षकाने द्यावयाचे उत्तर भूगोलाचे आहे. जमीन बाराही महिने खोलवर गोठलेली. वरचा वीतभर थर उन्हाळ्यात सैल होतो, त्यात शेवाळ आणि खुरटे गवत उगवते. ज्वारी नाही, तांदूळ नाही, फळझाड नाही. जहाजाने किंवा विमानाने येणारे धान्य हे गेल्या काही पिढ्यांतले. ते महाग असते, आणि वादळ असले की येत नाही. हजारो वर्षे समुद्र हेच त्यांचे शेत होते. मारलेला प्राणी गावात वाटला जातो, वाया काही जात नाही. या लोकांना बर्फाची आणि प्राण्यांची जी जाण आहे, तिचीही नोंद बेरिंग समुद्राच्या या प्रकल्पात मुद्दाम घेतली गेली. जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या मनाचे या उत्तराने समाधान होणार नाही, आणि ते व्हावे असा आग्रहही नाही. भुकेपोटी केलेली हिंसा आणि नफ्यापोटी केलेली हिंसा यांत अंतर आहे, एवढे मात्र याच समुद्राच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

तो इतिहास एका प्राण्याचा आहे. १७४१ साली रशियाच्या सेवेतील डॅनिश दर्यावर्दी व्हिटस बेरिंग यांचे जहाज परतीच्या वाटेवर एका निर्जन बेटाला लागून फुटले. बेरिंग तेथेच वारले. ते बेट आणि हा समुद्र आज त्यांच्या नावाने ओळखले जातात. मागे राहिलेल्यांत स्टेलर नावाचा वैद्य आणि निसर्गअभ्यासक होता. किनाऱ्यालगत त्याला आठ-नऊ मीटर लांबीचे, संथ, निरुपद्रवी प्राणी कळपाने चरताना दिसले. ते पूर्णपणे शाकाहारी होते, समुद्री शेवाळ खात, आणि त्यांना पाण्यात खोल बुडीही मारता येत नसे. त्यांना समुद्रगाय हे नाव पडले. उपाशी खलाशांनी त्यांना मारून जीव वाचवले. स्टेलरने एक गोष्ट लिहून ठेवली आहे: मारलेली मादी किनाऱ्यावर पडलेली असता तिचा नर दोन दिवस लागोपाठ तिच्यापाशी परत येत राहिला.

वाचलेले खलाशी परतताना समुद्री ऊदमांजरांची कातडी घेऊन गेले. या कातड्याला रशिया आणि चीन यांच्या सीमेवरील क्याख्ता या व्यापारी नगरात मोठा भाव येई. बातमी पसरली, जहाजामागून जहाज निघाले. समुद्रगाय कोणाला विकायची नव्हती. ती व्यापाऱ्यांच्या माणसांची वाटेतली शिदोरी झाली. १७६८ पर्यंत, म्हणजे जगाला माहीत झाल्यापासून अवघ्या सत्तावीस वर्षांत, पृथ्वीवर एकही समुद्रगाय उरली नाही. पुढे प्रिबिलोफ बेटांवरील केसाळ सीलांचेही तसेच झाले असते. १९११ मध्ये अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि जपान यांनी करार करून खुल्या समुद्रावरील त्यांची हत्या थांबवली. वन्यजीवांच्या रक्षणासाठी राष्ट्राराष्ट्रांत झालेल्या अगदी आरंभीच्या करारांत त्याची गणना होते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते, आणि टीकाकारांनी त्यात दातांबरोबर कातडी, केस, शिंगे, पिसे यांचाही समावेश केला आहे. व्यापारी घराण्यांत ही यादी अनेकदा पाठ असते. समुद्रगाईची हकिगत वाचली की प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा त्या वस्तूच्या वाटेवर काय काय मरते, हेही त्या यादीच्या कक्षेत येते की काय, असा विचार केल्याखेरीज राहवत नाही.

मुलांना सर्वांत अधिक चिंता बर्फाची. २००७ च्या सप्टेंबरात आर्क्टिक महासागरावरील उन्हाळी बर्फ उपग्रहांची मोजणी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकावर आला. वर्तमानपत्रांत मोठे मथळे झळकले. पुढच्याच वसंतात ‘हीली’वरील शिक्षकांना शाळाशाळांतून विचारणा: बर्फ संपत आला आहे, हे तुम्ही स्वतः पाहत आहात ना? आणि खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत घट्ट बर्फ! ज्या चार वर्षांत समुद्र तापल्यावर काय होते हे पाहायला शास्त्रज्ञ निघाले, ती चारही वर्षे बेरिंग समुद्रात थंड निघाली. बर्फ भरपूर आणि दक्षिणेपर्यंत पसरलेला.

हो म्हणावे तर डोळ्यांसमोरचे खोटे ठरते. नाही म्हणावे तर उत्तरेतील मोजमाप खोटे ठरते, आणि मूल शाळेत जाऊन सांगणार की चिंतेचे कारण नाही. श्वेतांबर आगमांतील भगवतीसूत्र हा ग्रंथ सारा प्रश्नोत्तरांचाच आहे. त्यातील प्रश्नांची संख्या परंपरेने ३६,००० सांगितली जाते. त्यात कौशांबीची श्राविका जयंती भगवान महावीरांना विचारते, जीवाने झोपलेले चांगले की जागे असलेले? उत्तर एकपदरी मिळत नाही. कोणाचे झोपणे बरे आणि कोणाचे जागणे बरे, हे वेगवेगळे करून सांगितले जाते. बर्फाच्या प्रश्नालाही अशीच फोड लागते. आर्क्टिक महासागरातील बर्फाचा काही भाग वर्षानुवर्षे टिकणारा असतो, आणि तो घटत आहे. बेरिंग समुद्रातील बर्फ दर हिवाळ्यात नव्याने येतो. वारा उत्तरेकडून वाहिला तर फार, दक्षिणेकडून वाहिला तर थोडा. एका ठिकाणच्या एका वर्षावरून दोहोंचा निवाडा करता येत नाही. असे उत्तर लांबते, आणि मुलांना लांब उत्तरे आवडत नाहीत. तरीही तेच द्यावे लागते.

पुढे काय झाले ते आता नोंदलेले आहे. २०१२ च्या सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ २००७ च्याही खाली गेला. २०१८ च्या हिवाळ्यात बेरिंग समुद्रावरील बर्फ दीडशे वर्षांहून अधिक काळाच्या नोंदींत सर्वांत कमी भरला. बर्फ वितळून तळाशी थंड पाण्याचा जो थर दरवर्षी साठत असे, तो जवळजवळ नाहीसा झाला. त्या थंड थराच्या आश्रयाने राहणारे हिमखेकडे पुढील काही वर्षांत अब्जावधींच्या संख्येने मेले, बहुधा उपासमारीने. उबदार पाण्यात त्यांची भूक वाढली आणि अन्न पुरले नाही. २०२२ मध्ये अलास्काने त्यांची पकड इतिहासात प्रथमच पूर्ण बंद ठेवली. २००८ साली दहा वर्षांच्या वयात तो प्रश्न विचारणारी मुले तोवर कर्त्या वयाची झाली होती.

सफरीच्या अखेरीस, मे महिन्याच्या सुमारास बर्फ फुटू लागतो आणि प्रश्न प्राण्यांकडून पक्ष्यांकडे वळतात. सगळीकडे बर्फ असताना तेथील पक्षी हिवाळ्यात कोठे जातात? याच्या उत्तरात एका बदकाची गोष्ट येते. या बदकाच्या नराच्या डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढरी वर्तुळे असतात, म्हणून त्याचे नावही चष्मेवाला आयडर. उन्हाळ्यात अलास्का आणि सायबेरियाच्या किनाऱ्यांवर त्याची घरटी दिसत. हिवाळ्यात तो कोठे जातो हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९९५ साली काही पक्ष्यांच्या अंगात बसवलेल्या यंत्रांच्या संदेशांचा माग काढत विमान सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेस पोहोचले. तेथे, भर समुद्रात, मैलोन्‌मैल पसरलेल्या बर्फाच्या मधोमध पाण्याची मोकळी डबकी होती आणि त्यांत हे पक्षी एकमेकांना खेटून बसलेले होते. जगातील त्यांची जवळजवळ सारी संख्या, तीन लाखांहून अधिक, तेवढ्या टापूत एकवटते. दिवसा ते चाळीस-साठ मीटर खोल तळापर्यंत बुडी मारून शिंपले वर आणतात आणि पुन्हा थव्यात येऊन बसतात. त्यांच्या सततच्या हालचालीने आणि अंगांच्या उबेने त्या डबक्यांतील पाणी गोठत नाही. थवा उठून गेला, तर डबके रातोरात मिटण्याचा संभव असतो.